मागचा डावा कोपरा

बसा, दिवा थोडा तुमच्याकडे सरकवतो. मला अंधाराची सवय आहे. सगळं आयुष्य गाड्यांच्या पोटात डोकं खुपसण्यात गेलं. पत्र्याचं काम माझं. चेपलेलं दार द्या, दुमडलेला मडगार्ड द्या, कुठं मार लागला होता ते तुम्हालाही सापडणार नाही. पण त्या गाडीचा विषय निघाला की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गाडी माझ्या दादाची. लांब नाकाची, दोन माणसांची, जुन्या जमान्यातली शर्यतीची गाडी. भंगारातून आणली तेव्हा तिच्यात एक कोंबडी अंडी घालत होती. वहिनी म्हणाल्या होत्या, "ही बया घरात आणलीत, आता मला कुठं ठेवता?" दादा नुसता हसला आणि पुढं कित्येक वर्षं तिच्यापायी झिजला. खालचा सांगाडा झाला, इंजिन झालं, बॉडीचा पत्रा मी घडवला. बॉडी सांगाड्यावर बसवायची तेवढी राहिली आणि दादा आजारपणात गेला. तेव्हापासून बॉडी गॅरेजच्या तुळईला साखळीनं टांगलेली होती. वहिनी येता-जाता तिला हात लावायच्या. दादा गेला तेव्हा त्या रडल्या नाहीत. "काम अर्धं टाकून ते कुठं जायचे नाहीत," एवढंच म्हणाल्या.

मग पुतणीनं आईला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. घराबरोबर गॅरेजही दुसऱ्या दिवशी मोकळं करून द्यायचं होतं. सांगाड्याविना नुसती बॉडी हलवली असती तर तो पातळ पत्रा पिळवटला असता आणि दारं पुन्हा कधी नीट लागली नसती. दादाच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचं मातेरं झालं असतं. म्हणून त्या दुपारी मी ठिणगीला घेऊन गेलो. ठिणगी म्हणजे आमचा वेल्डर. आता वय झालंय त्याचं, ठिणगी कमी आणि धूर जास्त.

बाहेर ढगाळ होतं. आत ग्रीसचा, नव्या रबराचा, बंद खोलीचा वास. ठिणगी साखळीशी, मी पुढच्या बाजूला, वहिनी पदर खोचून मागच्या बाजूला. साखळी एकेक कडी सुटत होती, आणि गाडीचं ते लांबलचक अंग आमच्या डोळ्यांसमोरून अगदी सावकाश खाली येत होतं.

दादाचा एक नियम होता. बॉडी शेवटची बोटभर उतरवण्याआधी तिला हात लावलेल्या प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, "हात बाहेर." त्याशिवाय साखळी हलायची नाही.

"हात बाहेर," मी म्हणालो.

"हात बाहेर," मागून वहिनी.

ठिणगीनं साखळी सोडली. तीन कोपरे सांगाड्यावरच्या रबराच्या गाद्यांवर टेकले. मागचा डावा टेकला नाही. साखळी सैल पडून लोंबत होती, तरी तो कोपरा बोटभर वरच. मी टॉर्च मारून पाहिलं. रबर जागेवर, बोल्टच्या भोकावर भोक, मध्ये काही म्हणजे काही नाही. अंगाचा भार टाकून दाबलं. कोपरा किंचित लवला आणि परत वर आला.

वहिनींनी त्या फटीत हात घातला. मी ओरडलोच, "वहिनी, हात काढा आधी!"

त्या हलल्या नाहीत. चेहरा एकदम शांत झाला.

"भाऊजी… दाबू नका. ह्यांचा हात आहे."

ठिणगीनं माझ्याकडे पाहिलं.

वहिनी खाली बसल्या, गाल पत्र्याला टेकवला आणि हळू आवाजात बोलू लागल्या. घरात रोज बोलायच्या तशाच. "अहो, काढा ना हात. लागेल तुम्हाला… किती गार पडलाय. हातमोजे घाला म्हणून सांगून सांगून थकले मी." जरा थांबल्या. "पोरगी येतेय मला न्यायला. तुम्ही असं अडवून धरलंत तर मी जाऊ कशी? मला जायला हवं हो. एकटीला घर खायला उठतं."

मग वहिनींनी आपला हात अलगद बाहेर घेतला, आणि कोपरा आवाजही न करता खाली बसला. वहिनी तिथंच जमिनीवर बसून रडल्या. इतक्या दिवसांचं सगळं एकदम. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.

त्या तोंड धुवायला वर गेल्या. ठिणगी बिडी ओढायला बाहेर सटकला. बोल्ट आवळायचे राहिले होते. हे काम दोघांचं: एकानं गाडीत बसून वरून बोल्ट फिरवायचा, दुसऱ्यानं खाली झोपून नट धरायचा. नाहीतर दोन्ही बरोबर फिरत राहतात. आमच्यात मी वर आणि दादा खाली, हे ठरलेलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "धर."

बोल्ट आवळला गेला.

पळावंसं मात्र वाटलं नाही. दुसऱ्या कोपऱ्याशी सरकलो. "धर." तोही बसला. तिसराही. मागच्या डाव्याशी आलो आणि म्हणालो, "दादा, हा शेवटचा." पाना फिरवला. बोल्ट नुसता फिरत राहिला. खाली कुणी नव्हतं. वहिनींना त्यानं जाऊ दिलं होतं, स्वतःचा पाय मात्र निघत नसावा. मीही जोर केला नाही. हा आवळला की गाडी पुरी झाली, आणि मग माझा दादा कशासाठी येणार होता?

वहिनी गेल्या. लेकीकडे बऱ्या आहेत, जेवतात, हसतात. गाडी माझ्या शेडमध्ये आली. पण सैल बोल्टची गाडी रस्त्यावर काढायची कशी? शेवटी काल संध्याकाळी मन घट्ट केलं आणि ठिणगीला नट धरायला खाली घातलं. म्हटलं, थांब, पाना घेऊन येतो. पाना भिंतीवर होता. मी तिकडे वळलो, तेवढ्यात गाडीखालून आवाज आला.

"अहो, जरा दमानं फिरवा की."

"मी इकडे आहे ठिणगी. भिंतीपाशी."

मग त्यानं अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"मग वरून 'धर' कोण म्हणतंय?… भाऊ… धरू का?"