दादाची गाडी तापत नाही

आमच्या शिबुकावा गावातल्या निम्म्या गाड्या मी कधी ना कधी उघडल्या आहेत. त्यामुळे माझा थोरला भाऊ योशिनारी आपली गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "मिनोरु, हिच्यातलं दोन लिटरचं इंजिन काढ आणि दोन पॉइंट आठचं बसव," तेव्हा त्यात भिण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही.

गाडी पन्नास वर्षांची, लांब नाकाची, दोनच सीटांची. दादाने ती तरुणपणी कोरी घेतली होती. मोठं इंजिन नीट बसलं, कागदपत्रं झाली, तपासणीतही गाडी पास झाली. जुनं इंजिन मी गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात स्टँडवर ठेवलं.

पहिल्याच रविवारी दादा हारुनाच्या घाटात जाऊन आला आणि कुरकुरायला लागला.

"तापमानाचा काटा जागचा हलत नाही. हीटरमधून नुसती गार हवा. चाळीस वर्षं काय बोल्ट मोजत बसला होतास?"

मी बॉनेटवर हात ठेवला. साठ किलोमीटर पळून आलेली गाडी, आणि पत्रा थंडगार. थर्मोस्टॅट बदलला, काट्याची वायर बदलली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

तिसऱ्या रविवारी दादा घाटात असताना मी मागचा कोपरा झाडायला गेलो. तिथे तापलेल्या तेलाचा वास येत होता. जुन्या इंजिनाला हात लागला आणि तळवा भाजला. त्यात तेल नव्हतं, पाणी नव्हतं, स्पार्क प्लगसुद्धा मीच काढून ठेवले होते. मी स्टुलावर बसून राहिलो. अकराला दादाने दारात गाडी बंद केली, आणि इकडे ते लोखंड हळूहळू निवायला लागलं...

तेव्हा मला आठवलं. जुन्या यंत्राला निरोप देताना आम्ही त्यावर चिमूटभर मीठ आणि थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडतो. "खूप राबलास, आता विसाव," असं म्हणतो. हे करायचं इंजिन बाहेर काढल्यावर. मी घाईत ते इंजिन गाडीत असतानाच उरकलं होतं, आणि त्या वेळी दादा आत स्टिअरिंग धरून बसला होता. "मलाही लागू दे थोडा विसावा," असं हसत म्हणालाही होता.

दादाला हे कोणत्या तोंडाने सांगणार? गाडीची ऊब, आणि कदाचित दादाचीही, त्या लोखंडात अडकली होती. ते इंजिन जिवापाड जपायचं, एवढंच मी ठरवलं.

पुढच्या रविवारी मी सुटे भाग आणायला गेलो असताना भंगारवाला ओगुरा आला. माझ्या बायकोने, तोमोएने, अडगळ गेली तर बरं म्हणून ते इंजिन त्याला देऊन टाकलं. मी त्याच्या वखारीत पोचलो तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. इंजिनाचे दोन तुकडे झाले होते. हात लावून पाहिला. दोन्ही गार होते.

दादाला फोन लावला. वाजत राहिला... वाजतच राहिला. त्या घाटाची सगळी वळणं मला पाठ आहेत. एकेक डोळ्यांपुढे येत होतं आणि मी घाबरून गेलो होतो.

अकराला दादा आला. धडधाकट.

"जमलं की रे तुला शेवटी," गाडीतून उतरत तो म्हणाला. "दहाच्या सुमाराला काटा सरसर वर आला. हीटर काय झकास चाललाय."

मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी त्याचा हात हातात घेतला, आणि पटकन सोडला. विहिरीतल्या दगडासारखा गार होता.

"हवा बोचरी आहे आज," तो म्हणाला.

आज बुधवार. दादा इस्पितळात आहे, अंगावर तीन पांघरुणं. सकाळी त्याच्या अंगाचं तापमान मोजलं तर सदतीसच्या जागी चौतीस अंश भरलं, दुपारी तेहतीस. डॉक्टरांना कारण सापडत नाही. सुमिएवहिनी त्याचे तळपाय चोळत बसली आहे आणि माझ्याकडे बघत नाही.

त्याचे कपडे आणायला मी सकाळी त्याच्या घरी गेलो होतो, आत्ता पुन्हा आलोय. गाडी छपराखाली उभी आहे. बॅटरीची तार मी रविवारीच काढून टाकली, किल्ली माझ्या खिशात आहे. तीन दिवस ती कुणी चालू केलेली नाही.

बॉनेट कोमट आहे, झोपलेल्या माणसाच्या कपाळाइतकं. सकाळपेक्षा जरा जास्तच.