मोहरीचं आमंत्रण

चंद्रावरच्या वसाहतीत भाजी पिकवण्यासाठी एक पारदर्शक घुमट होता. पृथ्वीवरून आलेल्या रोपांच्या पानांमागे चिकटून कसली तरी अंडी तिथे पोचली. त्यांतून हिरव्या अळ्या निघाल्या आणि कोबीच्या पानांची चाळण झाली.

सहावीतल्या शाल्मलीने उपाय सुचवला. "मोहरी वाटून तिचं पाणी फवारू. झणझणीत वासाने किडे पळतील!"

तिची वैजूआत्या घुमटाची वनस्पतिशास्त्रज्ञ होती. तिने होकार दिला आणि खुरप्या नावाच्या यंत्रमानवाने फवारणी केली. पानांचा रस शोषणारे बारीक मावा किडे कमी झाले, पण अळ्या मात्र दुपटीने वाढल्या. असं कसं झालं?

वसाहतीचे व्यवस्थापक दाभाडेकाका वैतागले. "आता घुमटातली हवाच काढून टाकतो. अळ्या मरतील."

"आणि कोबी?" शाल्मलीने विचारलं.

"तोही मरेल. नवं पीक येईपर्यंत डब्यातली भाजी खायची."

काका गेल्यावर शाल्मली रडवेली झाली. "आत्या, हे माझ्यामुळे झालं का गं?"

"फवारणीनंतर अळ्या वाढल्या हे खरं. पण का, ते आधी बघू." आत्याने मोहरीचं एक पान तिच्या नाकाशी धरलं. "वास येतो?"

"नाही."

"आता चाव."

शाल्मलीच्या नाकात झिणझिण्या आल्या, डोळ्यांत पाणी आलं.

आत्या सांगू लागली, "मोहरीच्या, आणि तिच्याच कुळातल्या कोबीच्याही, काही पेशींमध्ये गंधक असलेला एक पदार्थ असतो. शेजारच्या पेशींमध्ये एक विकर (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) असतं. पान धड असेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. किड्याने चावा घेतला की पेशी फुटतात, दोन्ही मिसळतात आणि तिखट तेल तयार होतं. बहुतेक किडे तिथेच माघार घेतात."

"मग या अळ्या का नाही घेत?"

"यांच्या आतड्यात वेगळंच विकर आहे. तेल तयार होण्याआधीच ते गंधकाच्या पदार्थाचा एक तुकडा तोडून टाकतं. मग तेल बनतच नाही."

"म्हणजे अळ्या हे शिकल्या?"

"एकही अळी शिकली नाही, बाळा. फार पूर्वी असल्या पानांनी असंख्य अळ्या मेल्या असतील. एखादीच्या आतड्यात योगायोगाने हे विकर थोडंसं होतं. ती वाचली, तिची पिल्लं वाचली. ज्यांचं विकर जास्त चांगलं, त्या जास्त वाचल्या. असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं, त्याला अनुकूलन म्हणतात. आता तर या अळ्यांचे पतंग अंडी घालायला जागा शोधतात, तीच मुळी या वासावरून! आपल्याला जाणवणार नाही इतका मंद असला, तरी त्यांना तो कळतो."

शाल्मलीने कपाळावर हात मारला. "म्हणजे मी त्यांना आमंत्रणच दिलं!" मग तिने चावलेल्या पानाकडे पाहिलं. "आत्या, आमंत्रण दुसरीकडे दिलं तर?"

आत्या हसली. "पृथ्वीवर कोबीच्या कडेने मोहरी लावतात, ती याचसाठी. त्याला सापळा पीक म्हणतात."

शाळेच्या खोलीत शाल्मलीने स्वतः वाढवलेली मोहरी होती. तिला नुकत्याच कळ्या धरल्या होत्या. शाल्मलीने एकदा पानांवरून हात फिरवला आणि सगळी रोपं घुमटात नेली. काकांनी कुरकुरत थोडी मुदत दिली.

कोबीवर पाण्याचा फवारा मारून मोहरीचा वास धुऊन काढला. खुरप्याने कोबीवरच्या अळ्या वेचल्या. नवे पतंग आता मोहरीकडे वळले. तिच्या पानांवर अंडी दिसली, की खुरप्या ती रोपं उपटून बंद पिशवीत टाकी. शाल्मलीची मोहरी फुलण्याआधीच संपली, याचं तिला वाईट वाटलं. पण कोबीची नवी पानं अखंड निघाली आणि काकांनी हवा काढायचा बेत रद्द केला.

एका कोबीवर मात्र अजून दोन पतंग बसले होते. शाल्मली त्यांच्याकडे बघत राहिली.

"आत्या, हे मोहरीकडे गेलेच नाहीत. यांची पिल्लंही कोबीच पसंत करतील?"

"काही करतील."

"मग हा डावही कधीतरी जुना होणार. पुढच्या हंगामात कोबी, मोहरी दोन्ही नको. मेथी लावू. तिची रसायनं वेगळी, यांना ती खाताच येणार नाही."

आत्या काही बोलायच्या आत दारातून काकांचा आवाज आला, "मेथी? मग दोन वाफे जास्तच लाव, पोरी."