न दिलेल्या गोळीची कबुली

"तुझ्या हातचा चहा नको! त्यात आनि काय मिसळशील, देव जाने!"

सासू इंदुबाईंनी कप तसाच मोरीत ओतला... आणि ओसरीवर जमलेल्या साऱ्या पाहुण्यांदेखत दर्शना मान खाली घालून उभी राहिली. तिचे सासरे काळुराम आजच हृदयाच्या ऑपरेशननंतर गडब गावातल्या घरी परतले होते. नवरा, शिवा, गेल्यावर ज्या सुनेनं मिठागरावर राबून हे घर उभं ठेवलं, तीच आज त्या घरात वैरीण ठरली होती! आणि खरा अपराधी, तिचा धाकटा दीर हरेश, बापाच्या उशाशी बसून पाहुण्यांना प्रकृतीचे तपशील ऐकवत होता.

हरेश म्हणजे या घराण्यातलं शहाणपणाचं दुकान! रोह्याच्या एका रासायनिक कंपनीत शिफ्ट करायची, तिथंच वरसे गावात ब्लॉक घ्यायचा, की डॉक्टरांना औषधं शिकवण्याचा अधिकार आपोआप मिळतो, अशी त्याची पक्की समजूत. रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनआधी बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि दर्शनानं ती बंदही केली होती. पण रजा काढून घरी आलेल्या या दीडशहाण्यानं पेणहून नवं पाकीट आणलं आणि रोज संध्याकाळी बापाला गुपचूप गोळी भरवली. का, तर गोळी थांबली की रक्त गोठतं, हे त्याला डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं!

ऑपरेशन झालं... आणि छातीतल्या नळीतून रक्त येणं थांबेचना! घाबरलेल्या हरेशनं दर्शनाला हॉस्पिटलच्या जिन्यापाशी गाठलं.

"वहिनी, मी चालूच ठेवली व्हती गोळी... पन आईला कळलं तं मेलो मी!"

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. "रक्तस्राव कमी करणारं औषध चालू आहे, पण पुरत नाही. नुसतं तेच वाढवलं तर गुठळी व्हायची भीती आहे. खरं सांगा, ती गोळी बंद होती ना?"

"बंदच होती," हरेश म्हणाला. एवढं सहज!

किती किळस आली तिला त्या माणसाची! पण त्याचं नाव घेतलं असतं तर त्यानं कानांवर हात ठेवले असते, सासूबाई लेकासाठी भांडत बसल्या असत्या, आणि आत त्या भल्या म्हाताऱ्याचं रक्त वाहतच राहिलं असतं...

"बंद नव्हती, डॉक्टर. मीच देत होते. अगदी परवापर्यंत."

डॉक्टर धावले. रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या पिशव्या आल्या, औषध बेतानं चालू राहिलं, आणि अखेर रक्त थांबलं. बाहेर मात्र इंदुबाईंनी सुनेच्या थोबाडीत मारली होती.

"जाऊ दे आई, अडानी हाय ती," हरेश वर म्हणाला. निर्लज्ज!

"उद्याच्याला माहेरी जायचं!" आता ओसरीवर इंदुबाई ओरडत होत्या. "माझ्या कुंकवावर उठलेली बाई नको घरात!"

"काय केलं तिनं?" काळुरामांनी क्षीण आवाजात विचारलं. सुनेवरच्या आळाचं त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"तुमाला बंद केलेल्या गोळ्या चारल्या!"

"तिनं? अगो, त्या हरेशनं दिल्या! वहिनीला सांगू नका, म्हनायचा."

हरेशचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा... तुमच्या भल्यासाठीच..."

"भल्यासाठी दिल्यास, समजलं. पन मी मरत व्हतो तवा तुझी वाचा कुठं गेलती रं?"

हरेश उठला, कुणाकडं न पाहता चपला शोधू लागला; त्याला कुणी थांबवलं नाही.

इंदुबाई सुनेपुढं आल्या. "तू का नाय बोललीस गो?"

इतका वेळ आवरलेले अश्रू दर्शनाच्या गालांवर ओघळले. पण आवाज स्थिर होता.

"बोलले असते, तं तुमी माझं ऐकलं असतंत का, आई?"

साऱ्या पाहुण्यांसमोर सुनेला मिठी मारून इंदुबाई हंबरडा फोडून रडू लागल्या.

"नसतं ऐकलं गो... नसतं ऐकलं!"