कावळा, कुत्रा आणि आबांचं ऑपरेशन

"साल्हेरची तटबंदी एवढीशी? आबांनी बघितलं तर अख्खा किल्ला पाडायला लावतील," झेबा म्हणाली आणि तिने चिखलाचा आणखी एक गोळा थापला.

"आबा कसले बघतायत! त्यांना जिना उतरायला बंदी आहे," सार्थक बोलून गेला आणि मग वेदिकाकडे बघून त्याने जीभ चावली.

वेदिकाने ऐकलंच नाही असं दाखवलं. म्हसरूळच्या त्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये दर दिवाळीला हे तिघं किल्ला करत. सार्थक पहिल्या मजल्यावरचा, झेबा तळमजल्यावरची, वेदिका तिसऱ्यावरची. यंदा मात्र वेदिकाचं अर्धं लक्ष वरच होतं. बागलाणातल्या, साल्हेरच्याच मुलखातल्या नामपूरहून आलेले तिचे आबा, म्हणजे आईचे वडील, तिच्याकडे राहत होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. नाही नाही म्हणत, रुसत, चिडत ते कसेबसे तयार झाले होते. त्यामुळे गेले कित्येक दिवस काळजी करणं हाच वेदिकाचा सुट्टीचा अभ्यास होऊन बसला होता.

तेवढ्यात वरून सुलामावशींचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या या सुलाबाई सगळ्यांच्या घरात पाय ठेवून असत आणि त्यांचा आवाज पायांच्याही आधी पोचत असे.

"अगं बाई, हे काय आक्रीत! धनत्रयोदशीच्या दिवशी पिंड?"

वेदिका हात न धुता जिन्याकडे पळाली.

आबांच्या गॅलरीत, अगदी त्यांच्या खुर्चीपुढे, शिजवलेला भात सांडला होता. त्यात कसल्याशा तळलेल्या पदार्थाचा एक तुकडा पडला होता आणि कठड्यावर एक धष्टपुष्ट कावळा बसून घास संपवत होता.

"कुणीतरी मुद्दाम ठेवलंय," सुलामावशी कुजबुजल्या. त्यांची कुजबुज पार्किंगपर्यंत ऐकू जाई. "जिवंत माणसाच्या दारात कावळ्याला घास! ह्याचा अर्थ काय, ते मी सांगायला नको."

"मग नका ना सांगू," आई कळवळून म्हणाली. पण उशीर झाला होता. आबा खुर्चीतच बसले होते आणि त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

मन बिघडलं की आबा सरळ गावच्या अहिराणीवर येत. "मनं बलावनं उनं, पोरी," ते शांतपणे म्हणाले. "आते डाक्टर काय करी?"

बोलावणं आलं म्हणे!  आबा चिडले असते तर वेदिकाला चाललं असतं. ते शांत झाले याचीच तिला भीती वाटली.

खाली येताना तिने तो तुकडा कागदात गुंडाळून आणला. तिघांनी किल्ल्यामागे बसून तो तपासला. तो गोल कड्याचा तुकडा होता, जाडसर आणि लालसर.

"मेदूवडा," सार्थकने निकाल दिला.

"जरा वास घे आधी," झेबा म्हणाली. "तुपात तळलंय आणि वेलची आहे. तांदळाचं पीठ वाटतंय. मला सांग, करणी करणारा माणूस कशाला वेलची घालेल?"



"एवढा भात कावळा चोचीतून लांबून आणणार नाही. तो वरूनच पडला असणार," वेदिका विचार करत म्हणाली. "आमच्या वर फक्त गच्ची आहे."

गच्चीची किल्ली राकेशकाकांकडे असे. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि कॉलेज रोडला त्यांची मोमो आणि नूडल्सची गाडी होती. मुलांनी किल्ली मागितली तेव्हा ते स्कूटर पुसत होते.

"गच्चीवर कुणी नाही," ते एकदम म्हणाले. "टाकीचं काम चाललंय. तिकडे फिरकायचं नाही, सांगून ठेवतो."

"गच्चीवर कुणी आहे का, असं आपण विचारलंच नव्हतं," थोडं लांब गेल्यावर झेबा म्हणाली. "आपण फक्त किल्ली मागितली होती."

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी होती. पहाटेची आंघोळ, फराळ, फटाके सगळं आटोपलं, तरी आबा अंथरुणातच होते. निदान दारातली रांगोळी बघायला यावं म्हणून वेदिकाने त्यांना हात धरून उठवलं. तिने दार उघडलं आणि दोघंही जागच्या जागी थांबली.

पायपुसण्यावर चिक्कू बसला होता. चिक्कू हा सोसायटीचा म्हातारा, तपकिरी कुत्रा. आबा त्याला रोज बिस्किट देत, म्हणून तो रोज येई. पण आज त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती आणि कपाळभर लाल कुंकू, वर अक्षता चिकटवलेल्या. बळी द्यायच्या बोकडाला लावतात तसं!

आबांनी हात सोडवून घेतला. ते आत गेले, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले आणि म्हणाले, "दवाखान्यात फोन करी दे. मी येत नही."

आईने समजावलं, बाबांनी समजावलं. आबा वळलेसुद्धा नाहीत. डॉक्टरांनी तर बजावून सांगितलं होतं की आता अजिबात लांबवू नका. ते शब्द वेदिकाच्या डोक्यात घोळत राहिले. तिला रडायला येत होतं, पण रडून आबा उठणार नव्हते.

खाली राकेशकाकांनी चिक्कूला ओढत नेऊन पंपाच्या खोलीत कोंडलं. "दुपारी टेम्पो येईल. हरसूलच्या बाजूला सोडून देतो, म्हणजे हा तमाशा संपेल," त्यांनी जाहीर केलं. सुलामावशींनी मान डोलावली.

"एवढी घाई कशाला?" सार्थक कुजबुजला. "कुंकू कुणी लावलं ते बघायचं सोडून कुत्र्यालाच शिक्षा?"

वेदिकाच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. "चिक्कूला माहीत आहे ना कुणी लावलं ते! ज्याने माळ घातली त्याने त्याला खायलाही घातलं असणार. त्याला सोडलं तर तो परत तिथेच जाईल."

"पण काका दारातच उभे आहेत," झेबा म्हणाली.

"ते माझ्यावर सोपवा," म्हणत सार्थक पुढे झाला आणि भोळाभाबडा चेहरा करून त्याने विचारलं, "काका, आमचं साल्हेर बरोबर झालंय का हो? तिथली लढाई नक्की कुठल्या बाजूला झाली?"

किल्ल्यांबद्दल कुणी विचारलं की राकेशकाकांना जगाचं भान राहत नसे. ते किल्ल्यापाशी उकिडवे बसले, काडीने माती उकरून फौजा मांडू लागले आणि सार्थक "हो का?" "मग हो?" करत राहिला. तोवर झेबाने मागून जाऊन पंपाच्या खोलीची कडी हलकेच सरकवली.

चिक्कू बाहेर आला, त्याने अंग झटकलं आणि तो थेट जिन्याकडे निघाला. वेदिका आणि झेबा त्याच्या मागे. पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर तो आबांच्या दारापाशी क्षणभर घुटमळला आणि चक्क वर चढू लागला. झेबाने वेदिकाचा हात घट्ट पकडला.

गच्चीच्या दाराला मोठं कुलूप लटकत होतं. वेदिकाने वाकून बघितलं. कुलूप नुसतंच एका कोयंड्यात अडकवलेलं होतं आणि दार आतून बंद होतं. म्हणजे आत कुणीतरी होतं!  मागे फिरावं, आईला बोलवावं, असं तिला वाटलं. पण चिक्कूने तोवर पंजाने दार खरवडायला सुरुवात केली होती.

आतून पावलं वाजली. कडी निघाली.

दारात एक ठेंगणी, गोऱ्या गालांची बाई उभी होती. हाताला पीठ, ओढणी कमरेला खोचलेली. मुलींना पाहताच तिचा चेहरा पडला. त्यांच्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.

"साहेबला सांगू नका," ती हात जोडून म्हणाली. "कुणाला दिसायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं."

तिचं नाव देवमाया. तिचा नवरा राकेशकाकांच्या गाडीवर मोमो बनवायचा. सोसायटीला पत्ता लागू न देता काकांनी टाकीशेजारच्या खोलीत दोघांना ठेवलं होतं. खोलीतून तुपाचा आणि वेलचीचा वास येत होता. ताटात तळलेली गोल कडी होती.

"सेलरोटी," देवमाया म्हणाली. "आमचं नेपाळचं तिहार चालू आहे ना. तुमची दिवाळी तेच आमचं तिहार. काल कागाचा, कावळ्याचा दिवस, आज कुकुरचा, कुत्र्याचा. काग म्हणजे यमाचा निरोप्या आणि कुकुर यमाच्या दारावरचा राखणदार. दोघांना आधी खूश करायचं, मग भाऊबीजेला भावाची पूजा. म्हणजे यम भावाकडे येत नाही. माझा भाऊ कतारला आहे. त्याच्यासाठी केलं."

एवढ्यात सार्थक धापा टाकत वर पोचला. जिन्यातूनच त्याने नेपाळचं नाव ऐकलं होतं आणि त्याच्यातला प्रश्नमंजूषावाला जागा झाला. "नेपाळ! झेंडा दोन त्रिकोणांचा. आणि तिथे इंग्रजांचं राज्य कधीच नव्हतं."

"राज्य नव्हतं," देवमाया हसली, "पण लढायला माणसं आमचीच नेली. माझा पणजोबा बागलुंगच्या डोंगरातून पायी उतरून गोरखपूरला भरती झाला. आमच्या देशाला समुद्र नाही. त्याने समुद्र पहिल्यांदा बघितला तो जहाजात चढताना. गळ्यात बहिणीने दिलेली मखमली फुलांची माळ होती. ती फुलं सुकली तरी रंग सोडत नाहीत."

"परत आले का ते?" वेदिकाने घाईने विचारलं.

"लंगडत आले. पण आले."

मग वेदिकाने तिला आबांचं सगळं सांगितलं. कावळ्याचं, कुंकवाचं, भिंतीकडे वळलेल्या तोंडाचं.  "तुम्ही खाली येऊन त्यांना सांगाल का? आमचं ते ऐकणार नाहीत."

देवमायाने जिन्याकडे बघितलं. खाली गेलं तर खोली जाणार, कदाचित नवऱ्याची नोकरीही. वेदिकाला ते कळत होतं, म्हणून तिने पुन्हा विचारलं नाही. देवमायाने हात धुतले, ओढणी नीट केली आणि ती जिना उतरायला लागली.

आबांच्या खोलीत त्या वेळी सुलामावशीही होत्या. टेम्पोसाठी कुत्रा शोधत राकेशकाका वर आले आणि देवमायाला बघून दारातच थबकले. 

देवमायाने पलंगाशी जमिनीवर बसून आपल्या गावापासून सगळं सांगितलं. "बाबा, ते तुमच्यासाठी नव्हतं. मी गच्चीच्या कठड्यावर घास ठेवला होता, तो कागाने खाली पाडला. आणि हा कुकुर तुमच्याकडे बिस्किटासाठी आला."

"पण सणासुदीला यमाचं नाव कशाला काढायचं मी म्हणते," सुलामावशी फणकारल्या.

"मावशी, काल संध्याकाळी," वेदिका म्हणाली, आणि आपण मोठ्यांच्या मध्ये बोलतोय हे तिच्या लक्षातच आलं नाही, "तुम्ही दारात कणकेचा दिवा ठेवला होता, दक्षिणेकडे तोंड करून. तो कुणासाठी होता?"

"अगं, यमासाठीच. यमदीप तो. अकाली मरण येऊ नये म्हणून..." सुलामावशी बोलता बोलता थांबल्या. मग पदराने उगाचच तोंड पुसत त्या खुर्चीवर टेकल्या.

आबा सावकाश कुशीवर वळले. "कोनतं गाव म्हनालीस?"

"बागलुंग."

"आनि मी बागलाणना." आबांच्या ओठांवर जरासं हसू आलं, पण लगेच मावळलं. "पोरी, तू चांगली शे. पन मना मनातली भीती जात नही."

ही गोष्ट आबांनी पहिल्यांदाच कबूल केली होती. करणीबिरणी सगळं निमित्त होतं. त्यांना ऑपरेशनचीच भीती वाटत होती! वेदिकाने त्यांचा हात हातात घेतला, कारण तीही तितकीच घाबरली होती.

"भाऊबीजेला मी येते," देवमाया म्हणाली. "इथे मला भाऊ नाही. तुम्ही बसाल?"

आबांनी होकारार्थी मान हलवली, पण दवाखान्याचं नाव काढलं नाही. पुढचे दिवस वेदिकाने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक.

भाऊबीजेला देवमाया आली. आबांना पाटावर बसवून तिने त्यांच्याभोवती तेलाची धार सोडली. उंबऱ्यावर अक्रोड ठेवून दगडाने फोडला, वाटेतली विघ्नं फुटावीत म्हणून. कपाळावर एकाखाली एक सात रंगांचे ठिपके लावले आणि गळ्यात जांभळ्या मखमली फुलांची माळ घातली. फुलं झेबाच्या अब्बूंनी पंचवटीच्या फुलबाजारात शोधून आणली होती.

"या तेलाच्या रेषेच्या आत यम येत नाही," देवमायाने सांगितलं.

"आनि तेल वाळलं म्हंजे?" आबांनी बारीक डोळे करून विचारलं.

"तेल वाळेल. पण फुलांचा रंग जाईपर्यंत त्याला थांबावंच लागतं. आमच्याकडे तसंच ठरलंय."

आबांनी माळेतलं एक फूल बोटांनी चाचपलं. मग आईला म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं ते विचारून ठेव."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने माळ काढून वेदिकाच्या हातात दिली. बाकावर आईबाबा होते, सार्थक होता, झेबा होती, देवमाया होती, सुलामावशीही होत्या. राकेशकाका कोपऱ्यात उभे होते. आदल्या दिवशी सोसायटीच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांची माफी मागितली होती आणि देवमायाला ती खोली आता रीतसर मिळाली होती.  वेदिका माळेतलं एकेक फूल तपासत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क खाली केला. "छान झालं," ते म्हणाले. "आता काळजी नाही."

इतके दिवस न रडलेली वेदिका तेव्हा रडली. सुलामावशींनी तिला जवळ ओढलं. "रड बाई, पोटभर रड," त्या चक्क खऱ्या कुजबुजीत म्हणाल्या. "आम्ही मोठ्यांनी कुत्र्याला कोंडलं आणि तुम्ही पोरांनी माणसाला सोडवलंत. शहाणी गं माझी लेकरं."

दुसऱ्या दिवशी तिघांना एकेक करून आत सोडलं. आबा नळ्यांच्या गराड्यात, ओठ कोरडे, पण डोळे टक्क उघडे. वेदिकाने माळ त्यांच्या उशाशी ठेवली. त्यांनी तिला खुणेने जवळ बोलावलं. आता पुन्हा काय, म्हणत ती वाकली.

"घर कव्हय जानं शे?" आबांनी पुटपुटत विचारलं. घरी जायची त्यांना फार घाई दिसत होती. "भाऊबीजेला मी घाबरेल व्हतो. देवमायाले ओवाळणी टाकानी ऱ्हाई गई."