खालच्या आळीत ऐकू येतं

दार तिच्याच घराचं होतं. कडी हाताच्या ओळखीची होती, उंबरा पायाच्या. धुक्यात भिजलेली छत्री तिनं नेहमीच्या कोपऱ्यात टेकवली आणि मान वर केली, तो काय! स्वयंपाकघराच्या भिंतीशी एक परका तरुण गुडघ्यांवर बसलेला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काचेची पट्टी, आणि तोंडात ब्रश धरलेला.

किंचाळायचं राहूनच गेलं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"बूट घालून आत आलात?"

त्यानं तोंडातला ब्रश काढला. टॉर्च तिच्या चेहऱ्यावर न मारता जमिनीकडे वळवली आणि नवल वाटल्यासारखा म्हणाला, "अरेच्चा... तुम्ही त्या दूधवाल्या!"

"कोण?"

"म्हणजे रोज ज्यांचं दूध उतू जातं, त्या. आणि मग पातेल्याला ओरडतात... 'जरा पाठ वळली की लागलंस नाचायला!'"

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हे वाक्य ती आज सकाळीच बोलली होती. स्वयंपाकघरात एकटी असताना. त्या पातेल्याला.

"माझ्या घरात काय करताय तुम्ही? बाबा कुठायत?"

"हे तुमचं घर नाही," तो हळूच म्हणाला, झोपेत चालणाऱ्याशी बोलावं तसा. "नीट बघा."

तिनं बघितलं. पडदे नव्हते. दिवा नव्हता. फडताळाच्या जागी नुसता खळगा होता, फरशीच्या सांध्यांतून गवत वर आलं होतं. आणि तिनं टेकवलेली छत्री... ती आपली आपण सरकत निघाली होती. सावकाश, कुणी बोट धरून नेल्यासारखी. समोरच्या भिंतीपाशी जाऊन थांबली.

जमीन तिरकी होती. ती खालच्या आळीत आली होती.

* * *

हे शहर डोंगराच्या धारांवर वसलेलं. इथं समोरच्या धारेवरच्या घरात कोणती भाजी फोडणीला पडली ते वासावरून कळतं, पण तिथं जायचं तर दरीला वळसा घालून तासभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. उन्हाच्या बाजूला सकाळ झाली तरी सावलीच्या बाजूची माणसं अजून कूस बदलत असतात. मधल्या दऱ्यांत धुकं राहतं. येतं-जातं असं नाही, राहतं. दुपार कलली की वर चढतं, भाडेकरू घरी परतावा तसं.

तिची आळी सावलीच्या बाजूला. पूर्वी ती उताराच्या खालच्या पायरीवर होती. ती शाळेत असताना डोंगर सरकायला लागला, आणि सरकारनं सगळ्यांना उचलून वर, डोंगराच्या खांद्यावर बसवलं. पण माणसं अशी हट्टी, की त्यांनी वर जाऊन जशीच्या तशी तीच आळी मांडली. तेच वळण, तेच शेजारी, तीच भांडणं. तिचे बाबा सुतार. खालची दारं चौकटीत अडकून बसली होती, म्हणून त्यांनी तेवढीच नवी दारं केली. त्याच मापाची, त्याच कडीची.

आणि तेव्हापासून ती चूक सुरू झाली. अशी चूक, जी फक्त याच आळीच्या माणसांकडून होऊ शकते. धुकं दाट असलं की पाण्याच्या टाकीपाशी, जिथं वाट फुटते तिथं पाय उजवीकडे चढायचं सोडून डावीकडे उतरायचे, आणि माणूस सरळ आपल्या जुन्या घरात जाऊन बसायचा. एकदा तर पोस्टातले आजोबा खाली बसून बायकोला चहासाठी हाका मारत राहिले होते. आळी महिनाभर हसली त्यांना. आजोबा मात्र हसले नाहीत. "हाकेला कुणीतरी 'आले' म्हणालं रे," एवढंच म्हणाले.

* * *

"तुम्हाला माझं दूध कसं कळलं?" तिनं विचारलं. आवाज कापत होता, म्हणून जरा जास्तच चढवून.

"श्श. ऐका."

शेजारच्या घराला छप्पर नव्हतं. भिंतींतून झाड उगवलेलं. आणि त्या घरातून बाईचा आवाज आला, स्वच्छ, अगदी कानाशी — "ओला टॉवेल पुन्हा गादीवर! देवानं हात दिलेत ना? दोरी दिसत नाही?"

"काकू!" तिनं भिंत धरली. शेजारची काकूच. पण ती तर वर होती... आत्ता, या क्षणी, वरच्या आळीत.

"घळीतून येतो आवाज," तो म्हणाला. "नळीतून यावा तसा. वरच्या घरातलं बरोबर त्याच्या खालच्या घरात. पहिल्या दिवशी मी सामान टाकून पळालो होतो. आता सवय झालीय. वरचं सगळं खाली येतं, पण खालचं वर जात नाही. मी ओरडून पाहिलंय."

"कशाला ओरडलात?"

"दूध उतू जाणार होतं. मला कळत होतं, तुम्हाला नव्हतं."

हसू नये असं ठरवूनही ती हसली. त्या ओल्या, वाकड्या घरात तिचं हसू विचित्र घुमलं... आणि थांबल्यावरही क्षणभर घुमतच राहिलं. दोघांनीही ते ऐकलं. 

* * *

आळीनं त्याचं नाव काचवाला ठेवलं होतं. डोंगर किती हलतो ते बघायला त्याला खात्यानं पाठवलं होतं. भिंतीच्या तड्यावर तो काचेची पट्टी आडवी चिकटवायचा. "काच ताणली जात नाही," त्यानं तिला समजावलं, "केसभर डोंगर हलला तरी ती तुटते. लपवाछपवी जमतच नाही तिला."

"आणि तुम्हाला?"

"मला जमते. कानाची. दुपारभर तुमचं ऐकत बसतो आणि डोंगराचं ऐकतोय असं दाखवतो."

ती बस स्थानकावर घोषणा करायची. उन्हाची बाजू, टाकीचा माळ, उतरती पेठ... साऱ्या शहराला तिचा आवाज पाठ होता, पण पातेल्यावर ओरडणारा आवाज फक्त त्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसमध्ये चढला तेव्हा भोंग्यातून घोषणा झाली, "उन्हाच्या बाजूची गाडी सुटत आहे. ज्यांचा मफलर जमिनीवर लोळतोय त्यांनी तो उचलावा." सगळी बस आपापल्या गळ्याकडे बघू लागली. तो एकटाच खिडकीतून हसत होता.

मग धुकं नसतानाही तिचे पाय डावीकडे उतरू लागले.

तिला स्वयंपाकघरात एकटं वाटेनासं झालं. भाजी चिरता चिरता ती मोठ्यानं म्हणायची, "आज मीठ जास्त पडलंय. ऐकणाऱ्यांनी नाक मुरडू नये." बाबा बाहेरून विचारायचे, "कुणाशी बोलतेस गं चिमणे?" "पातेल्याशी!" गाणं म्हणताना ती आता सूर सांभाळायची. खाली गेल्यावर तो म्हणायचा, "आधीचंच बरं होतं. बेसूर होतं, पण माझ्यासाठी नव्हतं. चोरून ऐकण्यात मजा असते."

"मग नका ऐकू."

"कान कुठं ठेवू?"

खालची आळी त्या दोघांना निमूट बघत असायची. कधी एखादं दार आपणहून उघडायचं, कधी मिटायचं. कधी गवतातून पावलं वाजल्यासारखं व्हायचं. वर कुणीतरी अंगण ओलांडत असायचं, असं तो म्हणायचा. मग एखादी काच तुटायची. ट्ट्‌. एवढासा आवाज, पण त्यानंतर दोघांची बोटं एकमेकांत गुंतलेली असायची, आणि ती आधी कुणी गुंतवली ते कळायचं नाही.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "काल तुमच्याकडं काहीतरी जड सरकवलं का? फरशीवर घासल्याचा आवाज आला."

तिनं हात सोडवून घेतला.

"कपाट," ती म्हणाली. "साफसफाई काढली होती."

त्याच्याशी बोललेलं ते तिचं पहिलं खोटं.

* * *

कपाटामागं तडा होता. फडताळाच्या कोपऱ्यातून निघून तिरका खाली गेलेला. खालच्या घरात होता तसाच, त्याच जागी, त्याच तिरक्या वळणाचा... जणू घरानं सोबत आणलेला. बाबांनी तो पाहिला, कपाट आडवं लावलं, आणि रात्री, काचवाला खालून निघून गेल्यावर, तिला आईच्या फोटोसमोर उभं केलं.

"त्या पोराला सांगायचं नाही. आईची शपथ घे."

"बाबा, अहो पण —"

"एकदा हलवलं घर. त्या हलवाहलवीच्या पावसाळ्यात तापानं गेली ही. नव्या चुलीवर एकदाही स्वयंपाक केला नाही तिनं. आता पुन्हा हलवायचं म्हटलं, तर मला इथंच पुरा."

तिनं शपथ घेतली. बाबांचं ते बोलणं ऐकल्यावर दुसरं काय करणार? आणि तेव्हापासून तिच्या लक्षात येऊ लागलं, की बाबा दर दोन दिवसांनी रंधा घेऊन कुणाचं ना कुणाचं दार तासायला जातात. आळीतली दारं लागेनाशी झाली होती. "दमटपणानं लाकूड फुगलंय," बाबा सांगायचे, आणि लोक मान डोलवायचे. सुतारच म्हणतोय म्हटल्यावर!

काचवाला घरोघर विचारून गेला होता. कुणाच्या भिंतीला काही? नाही बुवा. तो खूश होता.

"काम संपलं माझं," त्यानं सांगितलं. "वर तडा नाही. तुमचं घर राहील. उद्या दुपारच्या बसनं निघतो... म्हणजे, कुणी थांबवलं नाही तर."

 तो तिच्या घरासाठी आनंदला होता, आणि तिचं घर त्याच्याशी खोटं बोलत होतं. सांगावं तर बाबा मोडतात. न सांगावं, तर एखाद्या दुपारी काकू, पोस्टातले आजोबा, सगळी आळी झोपेतच...

"थांबवणार का कुणी?" त्यानं विचारलं.

ती वर निघून आली.

* * *

दुसऱ्या दिवशी धुकं भरदुपारीच चढलं. तो खाली आपलं सामान गोळा करत असणार. बाबा बाहेरच्या खोलीत रंधा मारत होते. खर्र... खर्र... ती स्वयंपाकघरात उभी होती. गॅसवर काही नव्हतं. घर अगदी गप्प होतं, कुणी श्वास रोखून धरल्यासारखं. आणि कपाटातली एक वाटी, कुणी हात न लावता, हलकेच किणकिणली.

ती कपाटाकडे तोंड करून उभी राहिली.

"आई, रागावू नकोस," ती म्हणाली. मग घोषणेचा आवाज लावला, साऱ्या शहराला ऐकू जाईल असा. "ऐकताय ना? मी खोटं बोलले. कपाटामागं तडा आहे. खालच्यासारखाच. सगळ्या आळीची दारं लागत नाहीत, बाबा ती तासतात. आणि दुसरं... जाऊ नका. मला तुमच्याशिवाय नाही करमायचं."

बाहेर रंधा थांबला. बाबा दारात आले. केसांत लाकडाच्या सालपट्या, चेहरा पांढराफटक.

"चिमणे... काय केलंस हे?"

"बाबा, मला —"

"गेला असेल तो. बसची वेळ झाली."

"ऐकलं."

दोघंही जागच्या जागी थिजली. आवाज कपाटातून आला होता. अगदी जवळून, ओलसर, पोकळ... कुणी भांड्यांच्या मागं उभं असावं तसा.

"ऐकलं मी. दोन्ही ऐकलं," आवाज म्हणाला. "पण आज ते घळीतून नाही आलं. भिंतीतून आलं. आणि तुम्हाला माझं ऐकू येतंय?"

 खालचं वर जात नाही. कधीच जात नाही.

"येतंय," बाबाच म्हणाले.

"काका, म्हणजे तडा तळापर्यंत गेलाय. हातातलं टाका. आधी तिला बाहेर काढा. मग आळीला. आत्ता!"

बाबांनी कपाट ओढलं. काल जिथं बोट जात नव्हतं तिथं त्यांचा आख्खा पंजा आत गेला. आतून गार वारा येत होता, मातीच्या वासाचा. क्षणभर ते तसेच उभे राहिले, हात भिंतीत घालून, कुणाचा तरी हात हातात घेतल्यासारखे. मग त्यांनी आईचा फोटो खिळ्यावरून उतरवला, तिच्या हातात दिला, हातोडा उचलला आणि ते धुक्यात धावले. स्वतः केलेल्या एकेका दारावर हातोडा मारत, घसा फोडून ओरडत —

"बाहेर या! लाकूड फुगलेलं नाही! मी खोटं सांगितलं! बाहेर या!"

* * *

टाकीपाशी ती फोटो छातीशी धरून उभी होती. एकेक घर तिच्यामागं माळावर चढत होतं, पोरं, गाद्या, पिंजऱ्यातला पोपट. तिची नजर डाव्या वाटेवर होती. तिथं नुसतं पांढरं. मग पावलं वाजली... आणि तिला पोस्टातले आजोबा आठवले, नि हाक मारायचा धीर होईना. खालून येणारं कोण असेल, कुणी सांगावं?

"मफलर!" ती शेवटी ओरडली. "मफलर कुठाय?"

"जमिनीवर लोळतोय!" धुक्यातून धापा टाकत उत्तर आलं, आणि पाठोपाठ तो. गुडघ्यापर्यंत चिखल, तळहात कापलेला.

ती त्याच्या छातीवर डोकं टेकून रडली. मध्ये आईचा फोटो, कोन टोचणारा.

"दुसरं काय म्हणालीस ते पुन्हा सांग," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

"दोन्ही ऐकलं म्हणालास की!"

"भिंतीतून ऐकलं. समोरून कुठं ऐकलंय?"

तिनं समोरून सांगितलं.

उजाडता उजाडता डोंगराचा खांदा गेला. फार आवाजही झाला नाही. वरची आळी सावकाश खाली उतरली आणि जुन्या आळीवर जाऊन निजली, दारावर दार, उंबऱ्यावर उंबरा. माणूस एकही गेला नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस माळावरच्या तंबूंत बसलेल्यांना दरीतून स्वतःच्याच सकाळी ऐकू येत. ओल्या टॉवेलची कुरकुर. रंधा. उतू जाणारं दूध.

नवी जागा उन्हाच्या बाजूला मिळाली. घरांची आखणी करायला बाबाच निघाले, हातात फक्कीची बादली. तेच वळण, तेच शेजारी. त्यांची पांढरी रेघ न चुकता चालली होती. आपलं घर आखून झालं, आणि ते थांबले. काकूच्या खुंट्या उपटून त्यांनी चार पावलं पलीकडे रोवल्या.

"अहो भावजी, हे काय!" काकू कडाडली. "आपली भिंत एक होती! दोन्ही वेळा!"

"होती."

"मग हे मधलं कुणाचं?"

 बाबांनी मोकळ्या जागेत फक्कीनं एक चौकोन काढला, खिशातून टेप काढली आणि चुना मळणाऱ्या काचवाल्यासमोर जाऊन उभे राहिले. त्याला नखशिखांत न्याहाळलं. 

"या दाराचं माप माझ्याकडं नाही," बाबा घसा खाकरून म्हणाले. "ताठ उभा राहा रे. उंची घेऊ दे."