ओदिलीमावशीचा नववा दिवस

बसा मास्तरीणबाई, चुलीजवळ सरका. हा पाऊस एवढ्यात उघडायचा नाही. टीव्हीवाले सांगतायत, वादळ तिकडे जमैकाच्याही पलीकडे आहे, आपल्याला नुसतं त्याचं शेपूट लागतंय. तीन वर्षांपूर्वीही हेच सांगत होते. साहेबलोकांसारखं असतं ते, स्वतः कधी येत नाही, पण त्याच्या नावावर आपल्याकडे चिखल होतो.

त्या ऑक्टोबरात मी अशाच पावसात बाहेर पडलो, ओदिलीमावशीचा नववा दिवस आटपायला. मेलेल्याच्या घरी नऊ दिवस जपमाळ सांगणं हे माझं काम. अर्ध्या खोऱ्याला मीच वाटेला लावलंय आणि प्रत्येकाच्या नावाचे पानात उकडलेले तामाले खाल्लेत, हे पोट उगाच आलेलं नाही. नवव्या दिवशी माळेचे पाच फेरे पुरे झाले की वेदी मोडायची, मेणबत्ती विझवायची, मग जीव सुटतो. तोवर तो घरातच असतो, म्हणून त्याच्या वस्तूंना कुणी हात लावत नाही. एरवी हे संध्याकाळी चालतं, पण चार दिवस पाऊस हटत नव्हता, म्हणून दुपारची वेळ ठरली.

मावशीचं घर नदीकाठी, अगदी खाली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नदीतला रंगवलेला खांब दिसायचा. खाली हिरवा पट्टा, मग पिवळा, वर लाल. पाऊस लागला की ती दर तासाला खांब बघायची आणि पाणी कुठवर आलंय ते वायरलेसवरून खालच्या एल पाल्मार गावाला कळवायची. बावीस वर्षं, अंगात ताप असला तरी.

ती गेली त्या दिवशी तिच्या मुलीने, योर्लेनीने, वायरलेसची वायर काढली, बॅटरी ओसरीत ठेवली आणि तो डबा वेदीच्या टेबलाखाली सरकवला. प्रार्थनेत खरखर नको म्हणून. पुढे त्याला कुणी शिवलं नाही. आमची चूक ती हीच. मला वाटलं योर्लेनीचा नवरा खांब बघत असेल, त्याला वाटलं शेजारी बघतायत. नऊ दिवस नदीकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

आम्ही बारा जण होतो. योर्लेनी दारातच म्हणाली, "काका, आज माळ जरा पळवा. दूधभात गार होतोय."

"पळवली तर तुझी आई वाटेतच गळून पडेल," मी म्हटलं. रडून रडून सुजलेल्या तोंडानेही ती हसली.

मी माळ सुरू केली. पत्र्यावर पावसाचा एवढा मारा, की माझा आवाज मलाच ऐकू येईना. ओल्या कपड्यांचा वास, मेणाचा वास, लिलीच्या फुलांचा वास. तिसऱ्या फेऱ्याला त्यात आणखी एक वास मिसळला, उकरलेल्या मातीचा. नदीत दगडावर दगड आपटत होते. मला ते ऐकू येत होतं, पण माळ मधे सोडायची सवय नाही. चौथा फेरा संपला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

आणि वेदीच्या खालून, पांढऱ्या कापडाआडून, खरखर आली.

"ऐकलं, मावशी. लाल पट्ट्याच्या वर." एल पाल्मारच्या विल्बेरचा आवाज, तिकडचं वायरलेस तोच सांभाळतो. "आमचे सगळे टेकडीवर गेले, मी शेवटचा. तुमच्याकडचे निघाले का?"

उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ शांतता.

"अजून बसलेत?..." विल्बेर म्हणाला. पुन्हा शांतता. "बारा जण?... मावशी, उठवा त्यांना..."

योर्लेनीने कापड वर केलं. डब्याची वायर सुटी लोंबत होती. तिच्या नवऱ्याने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. खांब दिसलाच नाही, नुसतं तपकिरी पाणी, घराच्या जोत्याला लागलेलं.

"काका... आईचा पाचवा फेरा राहिला..."

"राहू दे. तीच उठा म्हणतेय."

आम्ही कॉफीच्या मळ्यातून गुडघे टेकत वर चढलो. वरून बघतोय तोवर स्वयंपाकघर गेलं, मग वेदीची खोली गेली. मी माणसं मोजली, बारा. दोनदा मोजली. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि दात वाजायचेही थांबत नव्हते.

चौथ्या दिवशी विल्बेर आला. मावशी गेल्याचं त्याला तेव्हा कळलं. "नऊ दिवस तिने एक तास चुकवला नाही," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "पाचवा फेरा नका सांगू, काका. आमची चाळीस घरं आहेत."

मी डळमळलो होतो, खोटं कशाला सांगू. पण योर्लेनी म्हणाली, "माझी आई तिथे पावसात उभी आहे, काका."

डिसेंबरात, कोरड्या उन्हात, मी पाचवा फेरा सांगितला. मेणबत्ती विझवली आणि छातीवरचा दगड उतरला. दूधभात दोनदा वाढून घेतला. मावशी सुटली, याची मला पक्की खात्री आहे. दोन पावसाळे आवाज आला नाही, पाणीही चढलं नाही. नवीन खांब रोवला. नवं वायरलेसही आलं, ते तुमच्या शाळेच्या कपाटात आहे, खोकं अजून फोडलेलं नाही. तुम्ही फेब्रुवारीत आलात, तुमचा दोष नाही.

मघाशी तुम्ही दारात छत्री झाडत होतात, तेव्हा मी फोनवर होतो ना? विल्बेर होता. म्हणाला, "काका, एक वाजताचं मिळालं, दोनचंही मिळालं. पिवळा पट्टा. फक्त जरा सावकाश बोला, मधेच खोकता."

मी म्हटलं, "कुठून बोलतोय मी?"

"वायरलेसवरून. पहाटेपासून तुम्हीच तर देताय."

पहाटेपासून मी या चुलीपुढून हललेलो नाही, बाई. असं बघू नका. जिवंत आहे मी, तुमच्यासमोर दोन एम्पानादा खाल्ल्या. खरं सांगू, मला फारसं वाईटही वाटत नाही. काम चांगलं आहे, चाळीस घरं त्यावर निवांत झोपतात. माझा नंबर लागला असेल तर लागू दे. पण माणूस आधी मरतो आणि मग कामाला लागतो, एवढी रीत तरी पाळायची...

कॉफी घ्या. झाली की शाळेत जाऊन खोकं फोडू, खांब आपण स्वतः बघू. तीनला दोन मिनिटं कमी आहेत, तेवढी इथेच बसा. आणि तीन वाजले की माझ्या तोंडाकडे बघा. ओठ हलतात का, एवढंच मला सांगा.