दोन वाक्यांच्या मधली जागा

दिवा राहू द्या रे. बंद केला तरी गोष्ट तीच आहे.

माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली. तुम्ही पाहिलंय त्याला. कुणाच्याही घरी गेला की कोपऱ्यात बसून तिथला बिघडलेला रेडिओ उघडतो, तोच. पुढे दुरुस्तीचं दुकान, मागच्या खोलीत स्वतः सर्किटं बनवतो. थापा मारणारा माणूस नाही. थापा मी मारतो. म्हणूनच बहुतेक त्याने हे मला सांगितलं. मी पुढे सांगितलं तरी कुणी खरं मानणार नाही, या हिशेबाने.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. दुसरा गुरुवार. रात्री साडेनऊला दुकान बंद करून साडू एका घरी गेला, काखेत पेटी आणि लॅपटॉप. घर एका बस कंडक्टरचं, दुसऱ्या मजल्यावर. शुक्रवारी सकाळी कंडक्टरचं ऑपरेशन होतं. घशाचा कॅन्सर. स्वरयंत्र पूर्ण काढणार होते. म्हणजे त्या रात्री तो जे बोलेल ते शेवटचं.

त्यासाठी ती पेटी. बटण दाबलं की त्याच्याच आवाजात एक वाक्य ऐकू येणार. 'पाणी दे.' 'दार लावलंस का?' 'मी आलो.' अशी रोजची.

साडू त्याला आधी म्हणाला होता, "बाजारात तयार यंत्रं मिळतात की. त्यांचा आवाज स्वच्छ असतो."

"मिळतात. पण ही म्हणते, परका माणूस घरात 'झोपलीस का' विचारायला लागला, तर मी उत्तर देणार नाही."

ही म्हणजे त्याची बायको. मूलबाळ नव्हतं. दोघंच.

साडू पोचला तेव्हा ती झोपायच्या खोलीत दवाखान्याची पिशवी भरत होती. टॉवेल, चपला, नेलकटर. साडूने तिथेच टेबलावर माइक उभा केला.

"भाऊजी, एक वाक्य माझ्यातर्फे घाला," ती म्हणाली. "'आज भाजी छान झालीये.' जन्मात एकदाही ऐकलेलं नाही."

"ते सगळ्यात शेवटी घेऊ," कंडक्टर म्हणाला. आवाज फाटलेला, पण होता. "घसा उरला तर."

"बघा. गाडीत परक्यांना दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका', आणि घरी शब्द मोजून."

"घरी तू पुढे सरकतेस कुठे?"

साडू हसला. मग म्हणाला, "वहिनी, आता जरा गप्प बसा बरं. मध्ये तुमचा आवाज यायला नको."

तिने ओठांवर बोट ठेवलं.

रेकॉर्डिंग सुरू झालं. कंडक्टरने पहिलं वाक्य म्हटलं. लॅपटॉपवर आवाजाची रेघ उठते ना वरखाली, ती जेमतेम थरथरली. परत लावून ऐकलं, तर कुणी शेजारच्या इमारतीत बोलतंय असं.

"गेन वाढवायचा मग," धाकटी भाची म्हणाली.

तुझं कॉलेज चालू आहे, त्याचं दुकान चालू आहे. तेच केलं त्याने. आधी माइक बदलला. वायर बदलली. माइकला वीज पुरेशी मिळते का, ते मीटर लावून पाहिलं. मिळत होती. मग वळला चिपकडे. पेटीत नखाएवढी चिप असते, कोडेक म्हणतात, माइकमधून आलेल्या आवाजाचे आकडे करणारी. आवाज किती पट वाढवायचा, म्हणजे गेन, हे तिला लॅपटॉपवरच्या एका पट्टीने सांगावं लागतं. साडूने ती पट्टी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली.

पट्टी आपोआप खाली आली.

पुन्हा वर नेली. पुन्हा खाली आली.

तेव्हा त्याला हसू आलं. चूक त्याचीच होती. चिपमध्ये एक सोय असते, ती त्याने चालू ठेवली होती. जवळ मोठा आवाज झाला, की चिप आपणहून कान आखडते. उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते, तसं. मग लांबचा, हळू आवाज तिला पुरेसा येत नाही.

त्याचं हसू तिथेच थांबलं. कारण खोलीत मोठा आवाज नव्हता. पंखा बंद. खिडकी बंद. रस्ता निजलेला.

"आणि मोठा आवाज असता तर तो रेघेत दिसला असता ना, मामा?"

दिसायला हवा होता. दिसत नव्हता. साडू तेवढ्यावरच अडला. त्याने कंडक्टरला सांगितलं, काहीही बोलत राहा. कंडक्टरने स्टॉपची नावं म्हणायला घेतली. तो बोलू लागला, की पट्टी हळूहळू वर चढायची. तो थांबला, की झपकन खाली. चार-पाच वेळा पाहिलं. प्रत्येक वेळी तेच. दोन माणसं बोलतात तेव्हा कसं, एक बोलताना दुसरं ऐकून घेतं. आणि मग दुसरं बोलतं.

चिप बिघडलेली नव्हती. माइकच्या अगदी जवळ... कंडक्टरपेक्षाही जवळ... काहीतरी होतं.

साडूने हे त्यांना सांगितलं नाही. म्हणाला, या खोलीत वायरिंगचा त्रास दिसतोय, स्वयंपाकघरात बसू.

मधल्या बोळातून सगळं सामान आत नेलं. कंडक्टर स्टुलावर बसला. बायको समोर पाटावर, मांडीवर कपड्यांची चळत. पट्टी वर. रेघ छान उठली. पहिलं वाक्य स्वच्छ आलं. दुसरंही. साडूला घाम फुटला होता तो वाळला. वायरिंगच असेल, त्याने स्वतःला सांगितलं.

तिसऱ्या वाक्यानंतर पट्टी एक घर खाली आली.

थांबली.

मग आणखी एक घर.

त्याने बोळाकडे पाहिलं. अंधार होता. कुणी नव्हतं. पट्टी उतरत होती. सावकाश. कुणी भिंतीला हात लावत यावं, तशी. आणखी एक. आणखी एक...

मग तळाला टेकली.

"काय झालं भाऊ?" कंडक्टरने विचारलं. "नाही होत का?"

कंडक्टरने घड्याळ पाहिलं. म्हणाला, "जे काय करायचं ते करा. सकाळी मी नसणार, म्हणजे हा आवाज नसणार. कसाही येऊ दे. हिला ओळखू आला म्हणजे झालं."

तेव्हा साडूने ती सोय बंद केली. पट्टी वर नेली आणि तिथेच अडकवून ठेवली. आता चिपला कान आखडता येणार नव्हता. जे असेल ते सगळं ऐकावं लागणार होतं. हेडफोन त्याने कानाला लावले होते.

"म्हणा."

"झोपलीस का?" कंडक्टर म्हणाला.

साडूने मान वर केली. कंडक्टर पुढचं वाक्य वाचायला थांबला होता. मधल्या जागेत... हेडफोनमध्ये...

"नाही अजून."

बायकोचा आवाज. तिचाच. कानाला लागून.

ती समोर बसली होती. ओठ मिटलेले. शर्टाच्या बाहीची घडी घालत होती.

"दार लावलंस का?"

"... लावलं."

"मी आलो."

"..."

तिथे ती काय म्हणाली, ते साडूने मला सांगितलं नाही. विचारलं, तर हातातला कप खाली ठेवला. एवढंच म्हणाला, की माणूस रोज घरी येतो तेव्हा असं कुणी म्हणत नाही.

रेकॉर्डिंग पूर्ण झालं. साडूने हेडफोन काढून पिशवीत कोंबले. दुकानात परतला, आणि पहाटेपर्यंत बसून एकेक वाक्य कापून त्याच्या बटणावर टाकलं. मधल्या जागा कापून काढल्या. कापलेलं एरवी तो ठेवतो, चुकलंमाकलं तर असावं म्हणून. त्या रात्री पुसून टाकलं. मूळ रेकॉर्डिंगही पुसलं. त्यावर दुसरं काहीबाही भरून पुन्हा पुसलं, की परत मिळायलाच नको.

भीती वाटली होती रे त्याला. मीही तेच केलं असतं.

ऑपरेशन नीट झालं. पेटी दवाखान्यात पोचली. कंडक्टर घरी यायच्या आदल्या दिवशी बायको खालच्या दुकानातून औषधं घेऊन वर येत होती. जिन्यात दम लागला म्हणून पायरीवर बसली. ती बसली ती उठलीच नाही.

महिन्याभराने कंडक्टर साडूच्या दुकानात आला. गळ्याला कापड बांधलेलं. पेटी काउंटरवर ठेवली. एकही बटण दाबलं नाही. कागदावर लिहिलं: त्या रात्री ही मध्ये मध्ये बोलत होती. तेवढं काढून द्या.

"फोनमध्ये नव्हता तिचा आवाज?" थोरल्या भाच्याने विचारलं.

हेच साडूने त्याला विचारलं. फोटो होते, शेकडो. एका लग्नाच्या व्हिडिओत ती काहीतरी बोलतेय, पण वर बँड वाजतोय. फोनवर ती बोलायचीच नाही, 'या लवकर' म्हणून ठेवायची. आवाज कोण जपून ठेवतं? तो रोज घरात असतोच.

साडूने तरी शोधलं. संध्याकाळपर्यंत शोधलं. कंडक्टर बाकावर बसून होता. सुरुवातीला ती भाजीचं बोलली होती, तेव्हा रेकॉर्डिंग चालूच झालं नव्हतं. चालू झालं, तेव्हा साडूनेच तिला गप्प केलं होतं. आणि त्यानंतर जे आलं होतं...

"काही नाही," साडू म्हणाला. "काहीच उरलं नाही."

पुसलं कुणी, ते सांगायचं धाडस त्याला झालं नाही. अजून झालेलं नाही.

कंडक्टरने मान हलवली. मग बोटाने फळीकडे दाखवलं. तिथे त्या रात्रीचा माइक पडून होता. साडूने त्यानंतर तो वापरला नव्हता. वायरसुद्धा कापून दुसऱ्या कामाला घेतली होती. नुसतं नळकांडं आणि वर लोखंडी जाळी. दुसरं देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याने ते दिलं.

कंडक्टरने माइक तोंडासमोर धरला. बराच वेळ. बोलायला म्हणून नव्हे. नुसता समोर धरून बसला. शेवटी साडूने हलकेच हात लावून तो काढून घेतला, तेव्हा बोटांना ओल लागली. जाळीवर वाफ धरली होती. थंडीत काचेवर तोंड टेकून कुणी बोललं की धरते, तशी.

धाकटीने श्वास सोडला. "त्याचाच श्वास असणार ना, मामा. इतका जवळ धरला होता."

साडूलाही तेच वाटलं. त्याने जाळी पुसलीसुद्धा. मग त्याची नजर कंडक्टरच्या गळ्याकडे गेली. स्वरयंत्र काढलं, की श्वासाची वाट बदलते ग. गळ्याला खाली भोक पाडतात, त्यातून आतबाहेर. ते कापड हलत होतं, श्वासाबरोबर.

त्याच्या नाकातोंडातून हवा येत नव्हती.

दोघांनी जाळीकडे पाहिलं. पुसलेली जाळी पुन्हा ओली झाली होती.